मिशी नको, विगच्या पिना मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका हौशी मंडळाला ज्यूली अँड्र्यूजच्या 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' या चित्रपटावरून सुचलेलं तासाभराचं संगीत प्रहसन बसवायचंय. काम न मिळणारी गायिका पुरुष असल्याचं सोंग घेते, आणि तो 'पुरुष' रंगमंचावर स्त्री-भूमिका करून गाजतो. विचारणाऱ्या ताई लिहितात, "आमची नायिका गाते फार छान, पण काही केल्या पुरुष वाटत नाही. मिशी लावून पाहिली तर तालमीत सगळे हसले. आवाज जाड केला की तिचा घसा बसतो. खरं तर चित्रपटातही ज्यूली अँड्र्यूज कुठे पुरुष वाटते? मग तिथे ते चालतं कसं, आणि आमच्याकडे का चालत नाही?"

ताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न आधी घेऊ. तो सुटला की मिशीचा प्रश्न उरतच नाही.

आधी मी हे कुठून बोलते आहे ते सांगते. मी मुलींच्या कॉलेजात शिकले. गॅदरिंगच्या नाटकात बाप, सासरा, फौजदार, सावकार सगळे मुलीच. मी उंच, त्यामुळे चार वर्षं माझ्या वाट्याला बापच आला. पुढे रंगभूषा शिकले, आणि मग तीसेक वर्षं सांगली-कोल्हापूरकडच्या हौशी संघांची नाटकं बसवली. या काळात बाईला पुरुष करायचे जेवढे चुकीचे मार्ग असतील, ते बहुतेक मी स्वतः वापरून झालेत.

तुमची अडचण 'तिला पुरुष कसं करायचं' ही नाहीये. प्रेक्षकाला ती बाई आहे हे पहिल्या प्रवेशापासून माहीत आहे. चित्रपटातही तसंच. १९३४ च्या पॅरिसमध्ये व्हिक्टोरिया ग्रँट नावाची उपाशी गायिका काम मागत फिरते आहे, हे आपण आधी पाहतो, आणि मग ती व्हिक्टर होते. म्हणजे आपल्याला फसवायचं कामच तिच्याकडे नाही. तिला फसवायचंय पडद्यावरच्या माणसांना. आपण फक्त एवढंच मान्य करायचं, की ही माणसं फसू शकतात. तुमच्या तालमीत लोक हसले, कारण मिशी लावल्याबरोबर तुम्ही त्यांना परीक्षक केलंत. 'बघा, जमलाय का पुरुष?' असं विचारलं की उत्तर 'नाही' हेच येणार.

तेव्हा प्रश्न असा मांडा: पडद्यावरचं पॅरिस का फसतं? ते पटण्यासारखं असेल, तर तुमचं इंदूर फसलेलंही पटेल.

या चित्रपटाची खरी करामत एका क्षणात आहे. नाइटक्लबात एक झगमगीत बाई जॅझचं गाणं म्हणते, नाचते. लोक खूश. गाणं संपतं आणि ती डोक्यावरचा साज काढते. खाली आखूड केस. पुरुष! क्षणभर सन्नाटा, मग टाळ्यांचा कडकडाट. आता त्या प्रेक्षकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघा. 'मी फसलो होतो, आणि आता मला खरं कळलं,' असं त्याला वाटतं. एकदा फसून उठलेला माणूस स्वतःला शहाणा समजायला लागतो. आणखी एक थर खाली असेल, ही शंका त्याला येतच नाही. जादूगार 'ही बघा युक्ती' म्हणून आपणच एक पत्ता उलटा करून दाखवतो आणि खरी हातचलाखी दुसऱ्या हाताने करतो, तसं हे आहे.

म्हणून तुमच्या नाटकात सगळ्यात जास्त तालीम कशाची करायची, तर विग काढण्याची. चालण्याबोलण्याचा नंबर त्यानंतर.

हे मी पोळून शिकले आहे. एका स्पर्धेच्या केंद्रावर आमच्या एकांकिकेत असाच क्षण होता. रंगीत तालमीपर्यंत विग हातात घेऊन काम भागवलं, कारण भाडं वाचवायला विग मी उशिरा आणला. प्रयोगात मुलीने ऐटीत हात वर नेला, विग ओढला, आणि तो निम्मा निघाला. मागच्या दोन पिना तिच्या खऱ्या केसांत अडकल्या होत्या. तिने झटका दिला, डोळ्यात पाणी आलं, तोंडातून "आई गं" निघालं, तेही कॉलर माइकवर. प्रेक्षागृह हसून हसून आडवं झालं आणि पुढची वीस मिनिटं तिचं पुरुषपण कुणी मानलं नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. विग तालमीला आणला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. विग असा बांधायचा की नाचताना हलता कामा नये आणि एका हाताने, एका दमात निघाला पाहिजे. खाली केस खरोखर आखूड असतील तर उत्तम. कापायची तयारी नसेल तर घट्ट चापून बसवून, वर जाळी, आणि त्यावर आखूड केसांचा दुसरा विग. पण हा दुसरा विग कपाळाशी नीट बसला नाही तर सगळं फसतं, कारण बाहेरचा विग निघाल्यावर लोक पहिल्यांदा कपाळाच्या रेषेकडेच बघतात. बाहेरच्या विगला पिना किती ते लिहून ठेवा. चार लावल्या तर चारही गाण्याच्या शेवटच्या कडव्याआधीच्या संगीतात, पाठमोरी गिरकी घेताना, काढून टाकायच्या. गिरकी त्यासाठीच ठेवायची. निदान चाळीस-पन्नास वेळा ही कृती घामाने भिजलेल्या कपाळानिशी झाली पाहिजे, कारण कोरड्या कपाळावर सगळे विग नीट निघतात.

फसण्याचं दुसरं कारण म्हणजे व्हिक्टर कोण म्हणून ओळख करून दिली जाते ते. तो पोलंडचा सरदार, काउंट व्हिक्टर ग्रझिन्स्की. परका आणि खानदानी. त्यामुळे त्याचं नाजूक बोलणं, सडपातळ हात, अलिप्त वागणं, सगळ्याचा हिशेब लागतो. 'सरदार घराण्यातले, असायचेच असे.' तुमच्या नाटकात हा माणूस गल्लीतला असता कामा नये. लांबच्या, बुडालेल्या संस्थानाचा राजेसाहेब करा. इंदूरच्या प्रेक्षकाला संस्थानिक काय ते सांगावं लागत नाही.

आता इथे मराठीची एक गंमत आहे, जी इंग्रजी चित्रपटाच्या नशिबात नाही. इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांत फरकच नसतो. आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं. व्हिक्टरचं प्रत्येक वाक्य म्हणजे सापळा. तुमच्या संहितेत हे वापरलंय की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. वापरलं नसेल तर सोन्याची खाण तशीच पडून आहे.

दार बंद आहे, खोलीत ती आणि तिचा साथीदार. ती मोकळेपणाने 'मी थकले, मी नाही करणार आता' म्हणते. दारावर थाप पडते, आणि त्याच वाक्यात क्रियापद बदलतं: 'मी थकले… लो नाही हो, या ना आत!' हे एकदा केलं की प्रेक्षक पुढे प्रत्येक 'मी' ऐकताना श्वास धरून बसतो. पण लक्षात ठेवा, पूर्ण नाटकात खरी जीभ घसरणं एकदाच. दुसऱ्यांदा घसरली की ते लेखकाचं हत्यार दिसायला लागतं.

आणि ती घसरल्यावर सावरायचं कसं? 'आले' हा शब्दच मदतीला येतो. ती घाईत आत शिरते आणि म्हणून जाते, "मी आले—" सगळ्यांच्या भुवया वर. ती थांबते, घसा खाकरते आणि पुरं करते, "—पाक खातो रोज, घशाला बरा असतो." गवयाने आलेपाक खाणं यात कुणाला काय वावगं वाटणार? नाहीतर साथीदाराने मध्ये पडून दवंडी द्यावी, "राजेसाहेब आले हो!" कारण आदरार्थी पुरुषासाठीही आपण 'आले'च म्हणतो. बाईचं एकवचन आणि राजाचं आदरार्थी बहुवचन सारखंच. व्याकरणाने तुमच्यासाठी विनोद लिहून ठेवलाय.

राजेसाहेब करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो स्वतःला 'आम्ही' म्हणू शकतो. 'आम्ही आलो, आम्ही गातो, आम्ही निघतो.' यात बाई-पुरुष कळतच नाही, कारण बायकाही 'आम्ही आलो'च म्हणतात. तेव्हा चार लोकांत ती 'आम्ही'च्या आडोशाला सुरक्षित, आणि प्रेमात पडून गडबडली की 'आम्ही' सुटून 'मी' येतो. तिची खरी परीक्षा तिथे सुरू होते. हे तुमच्या नायिकेला समजावून सांगा. पुरुषी आवाज काढण्याच्या शंभर सूचनांपेक्षा ही एक गोष्ट तिला जास्त उपयोगी पडेल. (आमच्या कोल्हापूरकडच्या पोरी सर्रास 'मी जातो, मी येतो' म्हणतात. तिथे हा विनोद बसवताना मला दोन दिवस डोकं धरून बसावं लागलं होतं.)

आवाजाकडे वळते. घसा दाबून जाड आवाज काढणं आजच्या आज थांबवा. घसा बसतोय ही शरीराने दिलेली नोटीस आहे. ज्यूली अँड्र्यूजने हीच भूमिका १९९५ पासून ब्रॉडवेच्या रंगमंचावर केली. पुढे तिच्या आवाजाला त्रास सुरू झाला, १९९७ मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो गाता आवाज तिला परत मिळाला नाही. भूमिकेमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण इतका कसलेला गळासुद्धा किती नाजूक असतो ते त्यावरून कळावं.

बोलताना पट्टी अर्धा-एक सूर खाली आली तरी पुष्कळ. त्यापेक्षा वाक्याचा शेवट बघा. आपल्या मुलींना लहानपणापासून वाक्य वर नेऊन सोडायची सवय लावलेली असते, म्हणजे समोरच्याची परवानगी मागितल्यासारखं. 'मला वाटतं आपण जाऊ या…?' राजेसाहेबांचं वाक्य खाली येऊन थांबतं. 'जाऊ या.' संपलं. आणि वाक्यानंतर थोडं थांबायचं, ती शांतता भरून काढायची नाही. मी माझ्या मुलींना सांगते, आवाज बदलू नकोस, घाई सोड.

गाण्याच्या बाबतीत तर तुमचं नशीब जोरावर आहे, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. व्हिक्टर रंगमंचावर काय करतो? स्त्री-भूमिका. म्हणजे तिने गायचंय ते स्वतःच्याच पट्टीत, स्वतःच्याच गळ्याने. सोंग रंगमंचाबाहेर आहे, रंगमंचावर ती फक्त स्वतः आहे. तुमची नायिका काळी चार-पाचमध्ये मोकळी गात असेल तर तशीच गाऊ द्या, तिथे पुरुषीपणा आणायचा प्रयत्न म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड. चित्रपटात तर तिचा वरचा सूर काच फोडतो, आणि तोच सूर या सोंगाचं भांडवल ठरतो.

मी तुमच्या जागी असते तर एक करून पाहिलं असतं. विग निघतो, सन्नाटा होतो, आणि त्या सन्नाट्यात तिने पदाची शेवटची ओळ खालच्या सप्तकात, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायची. टाळ्या त्यानंतर. खर्जातले दोन-तीन सूर तिच्याकडे स्वच्छ असतील तरच, नाहीतर नको. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने वर साथ देईल आणि सगळं मातीत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: प्रेक्षकाला फसवू नका, नाटकातल्या माणसांना फसवा. त्यांना आधी एक खोटं गुपित उघड करून दाखवा. वेगळेपण खपून जाईल अशी ओळख द्या. क्रियापदं सांभाळा. गळा मोकळा सोडा.

आता शरीर. यात सर्वांत मोठी चूक म्हणजे पुरुषाची नक्कल. खांदे उडवणं, पाय फाकवून बसणं, दर दोन मिनिटांनी मिशीवरून (नसलेल्या) हात फिरवणं. हे पुरुष करत नाहीत, पुरुषाची थट्टा करणाऱ्या बायका करतात. ज्यूली अँड्र्यूजचा व्हिक्टर पाहा: तो जवळजवळ काहीच करत नाही. सूट चांगला शिवलेला, केस मागे, हालचाल कमी. तिने पुरुषी लकबी चढवण्यापेक्षा बाईपणाच्या सवयी उतरवल्यात असं मला वाटतं. तुमच्या नायिकेला तालमीत आठवडाभर तेवढंच द्या. केस कानामागे सारणं (सगळ्यात मोठा फितूर हाच), खांद्यावरची नसलेली ओढणी सावरणं, बसताना मागून कपडा आवरणं, जिना उतरताना निऱ्या धरल्यासारखा हात जाणं, हसताना तोंडावर हात. एकेक पकडायची आणि थांबवायची. या पाच गोष्टी गेल्या की जे उरतं ते पुरेसं असतं.

तालमीला पहिल्या दिवसापासून पुरुषी बूट घालून यायला सांगा, भावाचे चालतील. चाल बुटातून बदलते. कोटाच्या खिशांत काहीतरी खरं वजन ठेवा, किल्ल्या, पाकीट. हाताला जागा मिळते.

छातीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. क्रेप बँडेजने घट्ट आवळू नका. गायिकेच्या फासळ्या उघडायला हव्यात, श्वास तिथून येतो. एका मुलीला मी नकळत असं आवळू दिलं होतं, दुसऱ्या पदाला तिला भोवळ आली. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, वर जाड कापडाचं जाकीट, आणि त्यावर सैलसर बंदगळा. दहा फुटांवरून कुणाला काही कळत नाही. तुमचं सभागृह किती खोल आहे, पहिली रांग रंगमंचापासून किती लांब, यावर हे बरंच अवलंबून आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर पोरं पुढ्यात बसणार असतील तर कपड्यांचं काम बारीक लागेल. मोठ्या नाट्यगृहात लांबून फक्त आकृती दिसते.

मिशीचा विषय संपवू. क्रेप केसांची मिशी स्पिरिट गमने चिकटवली की गाताना वरचा ओठ ताणतो आणि दुसऱ्या पदापर्यंत एक टोक सुटतं. त्यातही राजेसाहेब स्त्री-भूमिका करतात म्हटल्यावर मिशी असेलच कशी? आपल्याकडे स्त्री-पार्टी नट मिशी ठेवत नसत हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. त्याच परंपरेचा आधार घ्या, म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचं आयतंच समर्थन मिळतं. गालाच्या हाडाखाली थोडी सावली, भुवया किंचित भरलेल्या, ओठांचा रंग मारलेला. बस्स.

परंपरेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. आपल्या लोकांना पुरुषाने बाई होणं नवं नाही. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला समोर नारायणराव राजहंस आहेत हे माहीत होतं. तरी घरंदाज बायका त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची नक्कल करत. म्हणजे 'कळतंय तरी मानायचं' हा करार आपल्या प्रेक्षकाच्या अंगवळणी आहे. सिनेमातही तेच: १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके या नटाने राम आणि सीता दोन्ही केले. तेव्हा तुमचा प्रेक्षक मानायला तयार आहे. तो बिथरतो तुम्ही पुरावा द्यायला गेलात की.

पण आपली विनोदी परंपरा मात्र वेगळी आहे, आणि तिची सवय तुमच्या नटांना महागात पडू शकते. 'मोरूची मावशी' काय किंवा १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' काय, तिथे पुरुष लुगडं नेसतो, आणि ते सोंग कुठेकुठे उसवतं यातच हशा आहे. पदर पडतो, आवाज फाटतो, टाळी. बाईने कोट घातला तर तो हशा आपोआप येत नाही. कोटातली बाई मुळात हास्यास्पद दिसत नाही, उलट बहुतेक वेळा रुबाबदारच दिसते. मग हसू आणायचं कशातून? तिच्याभोवतीच्या माणसांतून. एक तिच्यावर फिदा आहे आणि स्वतःवर वैतागलाय, एकाला संशय आहे, एकीला मत्सर वाटतो. तुमच्या नायिकेने गंभीर राहायचं, गोंधळ बाकीच्यांनी घालायचा. चित्रपटात जेम्स गार्नरचा शिकागोवाला किंग मार्चंड हेच काम करतो. तो बाईवर भाळतो, मग तिने डोक्यावरचा साज काढल्यावर त्याचा चेहरा असा पडतो की बाकी सगळं थिएटर टाळ्या वाजवत असताना आपण त्याच्याकडेच बघत राहतो.

संशय घेणारं एक पात्र ठेवाच. 'हा पुरुष नाहीच' असं ठासून म्हणणारं. प्रेक्षकाच्या मनातली शंका कुणीतरी मंचावर बोलून दाखवतंय म्हटल्यावर प्रेक्षकाला ती घ्यावी लागत नाही. उलट तो सोंगाच्या बाजूने होतो, पकडली जाऊ नये म्हणून धडपडतो. हे मी दहा वेळा अनुभवलंय.

एका ठिकाणी मात्र चित्रपटाची वाट धरू नका. किंग तिच्या न्हाणीघरात लपून ती बाई असल्याची खात्री करून घेतो, आणि तिचं चुंबन घेतो ते त्यानंतर. 'तू पुरुष असलास तरी मला फरक पडत नाही' म्हणणं तोवर फुकटचं झालेलं असतं. मला तो या चित्रपटाचा कच्चा दुवा वाटतो. तुमच्या नायकाला कळू देऊ नका. त्याला गोंधळात ठेवून कबुली द्यायला लावा. प्रवेश दुप्पट चांगला होईल, आणि नटाला काहीतरी करायला मिळेल.

साथीदाराबद्दल. रॉबर्ट प्रेस्टनचा टॉडी हा समलिंगी गायक आहे, सोंगाची कल्पना त्याची, आणि चित्रपट त्याच्यावर मनापासून प्रेम करतो. त्याला हसण्याचा विषय करत नाही, त्याच्याबरोबर हसतो. तुमच्या नटाने हात मुरडत, लाडिक बोलत हे पात्र केलं तर पहिल्या पाच मिनिटांत स्वस्त हशा मिळेल आणि नाटक तिथेच बुडेल, कारण सगळ्या गोष्टीचा आधारस्तंभ तोच आहे. इंदूरच्या मंडळात हे कितपत उघडपणे म्हणायचं ते तुम्ही ठरवा, तुमचे प्रेक्षक तुम्हाला माहीत. पण पात्राचा आब राखा. चांगल्यातला चांगला पुरुष नट या भूमिकेला द्या, नायकाला नाही.

तासाभरात बसवायचंय म्हणून सुरुवातीविषयीही बोलते. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सचा हा १९८२ चा चित्रपट सोंगापर्यंत पोचायला बराच वेळ घेतो. भूक, थकलेलं भाडं, हॉटेलात जेवून बिल चुकवण्यासाठी सॅलडमध्ये झुरळ सोडण्याचा तो धमाल प्रसंग. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. त्यापेक्षा ही गोष्ट मुळात जिथून आली त्या जर्मन चित्रपटाची युक्ती सोपी आहे. १९३३ च्या 'व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया'त स्त्री-पार्ट करणाऱ्या नटाचा घसा बसतो आणि तो आपल्या जागी एका होतकरू मुलीला उभी करतो. एका प्रवेशात गाडी रुळावर. घसा बसणं आपल्या संगीत नाटकवाल्यांना काही नवं नाही. भूक मात्र पूर्ण काढू नका. मुलीला गरज आहे हे दिसलंच पाहिजे, नाहीतर ती गंमत म्हणून लोकांना फसवते आहे असं होतं. एक वडापाव दोघांत वाटून खाण्याइतकी जागा तरी ठेवा.

जाता जाता: नावं, गाणी, प्रसंग चित्रपटातलेच वापरणार असाल तर हक्कांची चौकशी करा. हेन्री मॅन्सिनी आणि लेस्ली ब्रिकस यांना या गाण्यांसाठी ऑस्कर मिळालंय, ती मोकळी पडलेली नाहीत. बाई पुरुष होऊन बाई होते ही कल्पना कुणा एकाची नाही, तेव्हा तुमची गोष्ट, तुमची पदं लिहा. ते सोपंही पडेल.

शेवटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच तुम्ही अडाल म्हणून सांगते. चित्रपटात पोलीस शोध घ्यायला येतात आणि मंचावर व्हिक्टरच्या जागी टॉडी उभा असतो. बाईचा झगा घालून, भसाड्या आवाजात, पाय अडखळत तेच गाणं. हा पुरुष आहे का? आहेच की. पुरावा शंभर टक्के खरा आणि कामाला आला तो खोटं टिकवायला. तुमच्याकडे हे कराल तेव्हा साथीदाराला तिचंच पद, तिच्याच पट्टीत द्या. पेटीवाल्याने पट्टी उतरवायची नाही. वरच्या सुराला तो जिथे मोडून पडेल तिथे पडू दे. आपल्या परंपरेतला तो उसवलेल्या लुगड्याचा हशा इथे, आणि फक्त इथेच, वापरायचा. म्हणून आधी कुठे खर्च करू नका.

नायिकेची नेमकी पट्टी, साथीदाराची पट्टी आणि पहिल्या रांगेचं अंतर कळवा. पद कुठलं घ्यायचं ते त्यावर ठरवू. आणि विग भाड्याने आणणार असाल तर प्रयोगाच्या आदल्या दिवसाचा नको, निदान पंधरा दिवस आधीचा ठरवा. दोन जादा दिवसांचं भाडं वाचवायला गेले म्हणून काय झालं ते वर लिहिलंच आहे.